लाकडी शिडाचं जहाज: पहिलं किट हातात घेताना

लाकडी जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीच्या माझ्या पहिल्या किटची पेटी उघडली तेव्हा मला वाटलं होतं, आत जहाजाचे सुटे भाग आहेत आणि ते क्रमाने चिकटवत गेलं की जहाज उभं राहील. काही महिन्यांनी हातात होता तो वाकडा सांगाडा. समोरून डोळा लावून पाहिलं की कणा एका बाजूला झुकलेला दिसायचा आणि नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळ्या एकमेकींवर चढलेल्या. मी एकही पायरी गाळली नव्हती, सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं होतं. चुकलं ते एवढंच की किटमध्ये सुटे भाग थोडे असतात आणि कच्चा माल जास्त, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेटीतल्या पट्ट्या सरळसोट असतात आणि जहाजाच्या अंगावर सरळ रेषा जवळजवळ नसतेच. म्हणून प्रत्येक पट्टी तिच्या जागेसाठी मोजायची, तासायची, वाकवायची आणि मगच चिकटवायची. पुस्तिकेत ज्याला एक ओळ मिळते त्याला कधी कधी आठवडा लागतो.

दुसरं जहाज मी या समजुतीने बांधलं आणि ते सरळ झालं. पहिल्या वेळी जे कुणी सांगायला हवं होतं, ते पुढे लिहिते आहे.

१. किट निवडा, पण मोठं नको

पहिला मोह होतो तो तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेचा. ‘व्हिक्टरी’ हे १७६५ साली पाण्यात उतरलेलं जहाज किटमध्ये फार लोकप्रिय आहे. त्यावर १०४ तोफा. खालच्या डेकवरच्या तोफांच्या नुसत्या नळ्या बसवल्या, तरी वरच्या प्रत्येक तोफेला गाडा, चार चाकं आणि दोर लागतातच. एक तोफ करताना मजा येते, विसावी करताना हात थकतो, आणि अशी कितीतरी किटं पेटीतच पडून राहतात.

पहिल्यांदा एक किंवा दोन डोलकाठ्यांचं जहाज घ्या: कटर, स्लूप, स्कूनर. यांची मुख्य शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने लागतात. त्यामुळे परभाणांची, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांची, आणि त्यांच्या दोरांची गर्दी नसते. तोफा नसल्या किंवा चार-सहाच असल्या तर उत्तम. याहून लहान, नुसती वल्ह्यांची होडी घेऊन फळ्या वाकवायला शिकलात तरी चालेल. त्यात कमीपणा काही नाही, उलट फळीकामाचे निम्मे धडे तिथेच मिळतात.

दुसरी अट: दुहेरी फळ्यांचं किट घ्या. त्यात आधी जाड, मऊ लाकडाच्या पट्ट्यांचा थर बसतो आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, दिसायला सुंदर असा दुसरा थर. पहिल्या थरातल्या फटी आणि खड्डे लांबी (पुट्टी) भरून, घासून झाकता येतात. एकेरी फळ्यांच्या किटमध्ये ही सवलत नसते.

तिसरी गोष्ट प्रमाण. १:६४ म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ सेंटिमीटर तुमच्याकडे एक सेंटिमीटर होणार. १७० सेंटिमीटर उंचीचा खलाशी १:४८ मध्ये साधारण ३५ मिलिमीटरचा, १:६४ मध्ये २७ चा, आणि १:९६ मध्ये १८ चा. कप्प्या, खुंट्या, दोर सगळं त्याच हिशोबाने बारीक होत जातं. पहिल्या जहाजाला १:६४ किंवा त्याहून मोठं, म्हणजे १:४८ सारखं, प्रमाण डोळ्यांना आणि बोटांना सोसतं.

आणि एक इशारा. पेटीवर उत्पादकाचं नाव नाही, किंमत संशय यावा इतकी कमी आणि आराखडे झेरॉक्स काढल्यासारखे पुसट, असं किट दिसलं तर ते बहुधा दुसऱ्याच्या आराखड्यांची चोरी असते. मूळ आराखडा बनवणाऱ्याची मेहनत त्यात बुडतेच, शिवाय आकार कमीजास्त करताना खाचांची मापं बिघडलेली असतात. भाग एकमेकांत बसत नाहीत आणि नवख्या माणसाला वाटतं, आपलंच चुकतंय.

२. हत्यारं: लागतात तेवढीच

- टोकदार पात्याची बारीक सुरी आणि भरपूर जादा पाती. बोथट पातं लाकूड कापत नाही, चेचतं.
- पोलादी पट्टी, लहान गुण्या, कर्कटक, पेन्सिली.
- १२०, १८०, २४०, ३२० आणि ४०० नंबरचे पॉलिशपेपर, लाकडाच्या सपाट तुकड्यांवर आणि एका लवचिक पट्टीवर चिकटवलेले.
- बारीक दातांची करवत, कानसींचा लहान संच, छोटा रंधा (असला तर).
- हाताने फिरवायचं बारीक गिरमिट, ०.५ ते १.५ मिलिमीटरची ड्रिल.
- दोन चिमटे, एक सरळ आणि एक वाकड्या टोकाचा.
- कपड्यांचे चिमटे, कागदांचे काळे क्लिप, रबरबँड, टाचण्या. हे कितीही असले तरी कमीच पडतात.
- लाकडाचा पांढरा गोंद आणि थोडा सुपरग्लू.
- डोक्याला लावायचं भिंग, चांगला दिवा, धुळीसाठी मास्क.

फळ्या वाकवायचं विजेचं यंत्र, लेथ, फिरतं ग्राइंडर ही खरेदी दुसऱ्या जहाजापर्यंत थांबवा. ग्राइंडर तर पहिल्या जहाजावर नुकसानच जास्त करतो. क्षणात खड्डा पाडतो आणि तो भरायला संध्याकाळ जाते.

मास्क मात्र पहिल्या दिवसापासून. अक्रोडासारख्या लाकडाची धूळ घशाला आणि डोळ्यांना झोंबते. सुपरग्लू वापरताना खिडकी उघडी ठेवा. आणि सुरी टेबलावरून घरंगळली तर ती झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या.

३. पेटी उघडल्यावर पहिले दोन दिवस

काही चिकटवू नका. भागांची यादी घेऊन एकेक वस्तू मोजा, कमी असलेलं लगेच उत्पादकाला कळवा. पट्ट्या जाडी-रुंदीप्रमाणे वेगळ्या बांधा आणि चिठ्ठ्या लावा. १.५ आणि २ मिलिमीटरची पट्टी डोळ्यांना सारखीच दिसते.

लेझरने कापलेल्या पाट्यांमधून भाग सुटे करण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलने नंबर लिहा. एकदा सगळे सुटे झाले की सातवी फासळी कोणती आणि आठवी कोणती, हे आराखड्यावर ठेवून ठेवून शोधावं लागतं. आराखड्यांच्या प्रती काढून घ्या. मूळ प्रत जपा, प्रतीवर काम करा.

मग पुस्तिका शेवटपर्यंत वाचा. पाचव्या पायरीत ज्याची आठवण करून द्यायला हवी होती ती गोष्ट बऱ्याचदा विसाव्या पायरीत लिहिलेली असते. जहाज ज्या स्टँडवर उभं राहणार त्याच्या खिळ्यांची भोकं हे ठळक उदाहरण. ती कण्याला आत्ताच पाडायची असतात. जहाज पूर्ण झाल्यावर ते उलटं धरून गिरमिट चालवायची वेळ आणू नका.

४. कणा आणि फासळ्या

कण्याची पाटी सपाट काचेवर आडवी ठेवा. कुठे उचलली गेली असेल तर ओलसर करून, सपाट जागी वजनाखाली दोन दिवस वाळू द्या. इथला एक मिलिमीटरचा बाक पुढे कशानेही जात नाही.

फासळ्या, म्हणजे बल्कहेड, आधी कोरड्याच बसवून पाहा. खाच घट्ट असेल तर खाच कानसीने वाढवा, फासळी ठोकून बसवू नका. सगळ्या नीट बसल्या, त्यांच्या वरच्या कडांवर डेकची पाटी टेकली, की मगच गोंद. चिकटवताना प्रत्येक फासळी कण्याशी काटकोनात हवी. गुण्या लावा, किंवा मुलांच्या खेळण्यातले चौकोनी ठोकळे दोन्ही बाजूंना चिमट्याने लावून वाळेपर्यंत ठेवा. त्या ठोकळ्यांचे कोन अचूक असतात.

पिछाडीचा एक हिशोब आत्ताच करून टाका, कारण तो बहुतेकांकडून सुटतो. समजा कण्याची पाटी ५ मिलिमीटर जाड आहे आणि सुकाणू ज्यावर बसतं तो मागचा खांबही ५ मिलिमीटरचा आहे. पाटीच्या दोन्ही बाजूंनी १.५ आणि ०.५ अशा फळ्या येणार, म्हणजे एकूण ४ मिलिमीटर वाढणार. पाटी तशीच ठेवली तर शेवटी ९ मिलिमीटर जाडीचा भाग ५ मिलिमीटरच्या खांबाला येऊन भिडेल आणि पायरी दिसेल. म्हणून जिथे फळ्या संपतात तिथे पाटी दोन्हीकडून तासत एक मिलिमीटरपर्यंत आणावी लागते. पटाशीने थोडं थोडं, आणि दर वेळी फळीचे तुकडे लावून बघत.

नाळेजवळ पहिल्या फासळीच्या पुढे मऊ लाकडाचे ठोकळे भरून आकाराला घासा. किटमध्ये दिले नसतील तरी भरा. फळ्यांना सगळ्यात मोठं वळण तिथेच असतं आणि तिथेच आधार नसतो.

५. फेअरिंग: इथे घाई केलीत तर पुढे सुटका नाही

फासळ्यांच्या कडा लेझरने काटकोनात कापलेल्या असतात. फळी मात्र नाळेकडे आणि पिछाडीकडे तिरकी जाते. कड तशीच ठेवली तर फळी फासळीच्या एका कोपऱ्यावरच टेकते. गोंदाला धरायला जागा मिळत नाही आणि बाहेरून उंचवटा दिसतो. म्हणून प्रत्येक कडेला उतार द्यायचा. या कामाला फेअरिंग म्हणतात.

प्रत्येक फासळीची बाहेरची कड पेन्सिलने काळी करा. लवचिक पट्टीवर चिकटवलेला १२० नंबरचा पॉलिशपेपर घ्या आणि एका वेळी दोन-तीन फासळ्यांवरून, जहाजाच्या लांबीच्या दिशेने घासा. काळा रंग एका बाजूने पुसत जाईल. कडेची जी बाजू जहाजाच्या मध्याकडे असते तिथली काळी रेघ अगदी शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर जहाज बारीक होतं.

आता एक लांब पट्टी घ्या आणि बोटांनी हलकेच फासळ्यांवर टेकवा. डेकजवळ, मध्ये, कण्याजवळ, सगळीकडे. दिव्याकडे धरून पाहा. पट्टीखालून उजेडाची बारीक फट दिसली तर ती फासळी खोल आहे. तिच्यावर पातळ पट्टी चिकटवून पुन्हा घासा. पट्टी कुठे टेकून उसळत असेल तर ती फासळी उंच आहे. माझ्या पहिल्या जहाजात पाचवी फासळी जेमतेम एक मिलिमीटर उंच राहिली होती. दोन थर फळ्या चढल्यावर, पॉलिश झाल्यावरही, उजेड आडवा पडला की त्या जागी पोटाला गाठ आल्यासारखी दिसते. दुसऱ्या जहाजाच्या फेअरिंगला मी नऊ संध्याकाळी दिल्या आणि त्यातली एकही वाया गेली नाही.

६. डेक

हे सोपं आहे आणि आनंदाचं आहे. डेकच्या फळ्या अखंड लांब लावू नका. खऱ्या फळ्या साधारण सहा-सात मीटरच्या धरल्या तर १:६४ मध्ये ९५ ते ११० मिलिमीटरचे तुकडे होतात. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फटींमधलं काळं डांबर दाखवायला प्रत्येक फळीच्या एकाच कडेवर मऊ पेन्सिल फिरवा. दोन्ही कडांवर फिरवली तर रेघ जाड दिसते.

७. पहिला थर: फळ्या

सुरुवात डेकच्या पातळीवरच्या फळीपासून. ती दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहे ना, हे समोरून आणि मागून पाहा. नंतर नियम एकच: एक फळी डावीकडे, एक उजवीकडे. मी पहिल्या वेळी एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली. गोंद वाळताना फळ्यांनी सांगाडा आपल्याकडे ओढला आणि कणा धनुष्यासारखा वाकला. आता मी दर दोन फळ्यांनंतर जहाज नाळेकडून डोळ्यासमोर धरते आणि कण्याची रेषा बघते.

फळीची रुंदी सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही, कारण जहाजाचा घेर मध्ये जास्त आणि नाळेजवळ कमी असतो. कागदाची अरुंद पट्टी फासळीवर लपेटून पहिल्या फळीपासून कण्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा मध्ये ९० मिलिमीटर भरलं आणि फळी ५ मिलिमीटरची आहे, तर १८ फळ्या लागतील. नाळेजवळ तेच अंतर ५४ असेल तर तिथे प्रत्येक फळी ३ मिलिमीटरची व्हायला हवी. पिछाडीला ९९ भरलं तर १८ फळ्यांनी ९०च झाकले जातात. उरलेल्या ९ मिलिमीटरसाठी पाचरीसारखे तुकडे घालावे लागतात. हे आकडे प्रत्येक फासळीवर खुणा करून ठेवा म्हणजे फळी कुठे भरकटते आहे ते लगेच कळतं.

फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करायची नाही. नाळेजवळ २ मिलिमीटरची वेळ येत असेल तर दोन फळ्या थांबवून त्यांच्या पुढे एकच रुंद फळी घ्या. सुईसारखं टोक काढून फळी संपवणं हे नवशिक्याच्या जहाजावर हमखास दिसतं. खऱ्या जहाजावर तसं टोक खिळा धरत नाही आणि कुजतं, म्हणून कारागीर ते टाळत. आपणही टाळावं.

वाकवायची पद्धत: फळी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, जहाजावरच तिच्या जागी चिमट्यांनी धरा आणि रात्रभर सोडा. सकाळी ती वळण घेऊन बसलेली असते. मग काढून, कडा साफ करून, गोंद लावा. ओली असतानाच चिकटवू नका. लाकूड वाळताना आकसतं आणि सगळीकडे फटी पडतात.

फळी रुंदीच्या दिशेने, म्हणजे कडेवर, सहज वळत नाही. जबरदस्ती केली तर तिची दुसरी कड उचलली जाते आणि ती शेजारणीवर चढते. त्यासाठी फळी टेबलावर सपाट ठेवून दोन टोकं क्लिपने धरा, मधला भाग हवा तेवढा बाजूला ओढून तिसरा क्लिप लावा आणि केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटं द्या. थंड झाल्यावर सोडा. थोडं वळण परत जाईल, म्हणून सुरुवातीलाच जरा जास्त द्या.

फळ्या धरायला खिळे ठोकत असाल तर अर्धेच ठोका आणि गोंद वाळल्यावर उपटा. शेवटची फळी बसल्यावर लांबी भरा, १२० पासून २४० पर्यंत घासत जा, आणि डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा तळहाताला कळतो.

८. दुसरा थर आणि पॉलिश

पातळ पट्ट्या ठिसूळ असतात, कडेने चिरतात. त्याही तशाच मोजून निमुळत्या करा, पण इथे फट राहू देऊ नका, कारण वर काहीच येणार नाही. बाहेर आलेला गोंद ओल्या कपड्याने तत्काळ पुसा. वाळलेल्या गोंदाखाली पॉलिश शिरत नाही आणि फिकट डाग उमटतो. सुपरग्लूचे डाग तर त्याहून हट्टी.

शेवटचा हात ४०० नंबरचा. मग डॅनिश ऑइल, लाखेचं पॉलिश किंवा मॅट वॉर्निश, जे आवडेल ते, पण आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहा. तेलाचे बोळे चुरगाळून टोपलीत टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून पूर्ण वाळवा, मग टाका.

९. डोलकाठ्या

गोल काठी टोकाकडे निमुळती करताना ती हातात फिरवत नुसती घासली तर लंबगोल होते. चौकोनी काठीपासून सुरुवात करा: चारही बाजू निमुळत्या करा, मग कोपरे काढून आठ बाजू, पुन्हा कोपरे काढून सोळा, आणि शेवटी पॉलिशपेपर. पूर्वी मोठ्या काठ्याही अशाच घडवत.

डोलकाठी उभी करण्याआधी तिच्यावरच्या आणि परभाणांवरच्या कप्प्या, कड्या, खुंट्या सगळं बांधून घ्या. टेबलावर पाच मिनिटांत होणारं काम, आजूबाजूला दोर असताना अर्धा तास घेतं.

१०. दोरकाम

आराखडा पाहून छाती दडपते, पण दोर दोनच प्रकारचे असतात. काही डोलकाठ्या जागेवर धरून ठेवतात. त्यांना डांबर लावलेलं असे, म्हणून ते काळपट. काही शिडं आणि परभाणं हलवतात, ते फिकट. आधी काळे, मग फिकट. आधी आतले आणि खालचे, मग बाहेरचे आणि वरचे.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे जाड दोर म्हणजे श्राउड. ते जोडीजोडीने बसतात: पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढची, दुसरी डावीकडे सर्वांत पुढची, आणि असेच आलटून पालटून. खाली ते डेडआय नावाच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्यांना बांधतात. वरच्या सगळ्या चकत्या एका ओळीत याव्यात म्हणून तारेचा छोटा साचा करा: दोन टोकं वाकवलेली, मधलं अंतर ठरलेलं. खालच्या आणि वरच्या चकतीच्या भोकांत ती टोकं अडकवून मग दोर बांधा. वरच्या चकतीत एकटं भोक वर आणि दोन भोकं खाली येतात. खालच्या चकतीत मात्र एकटं भोक खाली येतं.

श्राउडवर शिडीसारखे आडवे दोर म्हणजे रॅटलाइन. खऱ्या जहाजावर त्यांच्यातलं अंतर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असे, म्हणजे १:६४ मध्ये सुमारे साडेपाच मिलिमीटर. तेवढ्या रेघा मारलेला कागद श्राउडच्या मागे लावा. गाठ ओढताना हात हलका ठेवा. प्रत्येक ओळ किंचित जरी ताणली गेली तरी दहा ओळींनंतर श्राउड कमरेत बारीक होतात, आणि मग उसवण्याशिवाय इलाज नसतो. दिवसाला पाच-सहा ओळी पुरेत.

गाठीवर पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब द्या. सुपरग्लूने दोर कडक होतो, चकाकतो आणि नंतर सोडवता येत नाही.

खुंटीला बांधलेल्या प्रत्येक दोराचं वेटोळं लटकायला हवं. ते जागेवर करायला जाऊ नका. थर्माकोलवर टाचण्या लावून त्यावर दोर गुंडाळा, पातळ गोंद लावा, अर्धवट वाळल्यावर काढून खुंटीवर अडकवा आणि चिमट्याने खाली ओढा. दोराला वजन आहे असं वाटलं पाहिजे. फुलासारखं बाहेर फाकलेलं वेटोळं दिसलं की सगळं जहाज खेळणं वाटू लागतं.

११. शिडं आणि काचेची पेटी

शिडं लावायलाच हवीत असं नाही. किटमधलं कापड प्रमाणाच्या मानाने जाडंभरडं असतं आणि उघडी शिडं तुम्ही महिनोन् महिने केलेलं दोरकाम झाकतात. मी पहिल्या जहाजाला लावली, दुसऱ्याला गुंडाळून परभाणाला बांधली, आणि दुसरं जास्त आवडतं.

काचेची पेटी मात्र हवीच. दोरांवर बसलेली धूळ काढताना दोर तुटतात. उन्हात ठेवू नका, लाकूड फिकटतं आणि दोर विरतात. पेटीचं माप घेताना जहाजाच्या पुढे निघालेली तिरकी काठी, मागे आलेलं आडवं लाकूड आणि सगळ्यात उंच डोलकाठीचं टोक धरून मोजा. त्यात चहूबाजूंनी चार-पाच सेंटिमीटर वाढवा, आणि पेटी अशी करून घ्या की काच वरून अलगद उचलली जाईल. बाजूने सरकवायच्या काचेत हात घालून काम करताना बाही अडकते आणि पहिली तुटते ती पुढची काठी.